वैशाखातली बाग

दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारला येणाऱ्या पाहुण्याची हमखास फसगत होते. तो सुरतेकडून येवो की भुसावळकडून, गाडीच्या खिडकीतून त्याला जिकडेतिकडे हिरवेच दिसते. उसाचे फड, केळीच्या आणि पपईच्या बागा, फुटू लागलेला कापूस, बांधावर अजून न वाळलेले गवत, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेला निघालेल्या तरुणांच्या टोळ्या तळोद्याच्या वाटेवर दिसतात. त्या शिखरावर अश्वत्थामा अजूनही कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी इकडे श्रद्धा आहे. पाहुणा आमच्या घरी उतरतो, हातपाय धुऊन अंगणात येतो, कोरांटीची फुले पाहतो आणि म्हणतो, "तुम्हाला काय कमी आहे हो? काळी जमीन, स्वच्छ ऊन! जे लावाल ते येईल." मी त्याला चहा देतो. वाद घालीत नाही. फक्त निघताना सांगतो, "आता एकदा वैशाखात या."

वैशाखात कोणी येत नाही.

मी मूळचा वाईचा. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला झाडांना पाणी लागते हे ठाऊक असते, पण पाणी कुठून आणायचे हा प्रश्न ठाऊक नसतो. नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो त्याला आता सोळा वर्षे झाली. धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला १ जुलै १९९८ रोजी. तोवर माझ्या लेखी हे गाव म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या बालहुतात्मा शिरीषकुमारचे गाव, एवढेच होते. सन १९४२ च्या ९ सप्टेंबरला तिरंगा हाती घेऊन गोळीला सामोरा गेलेला तो मुलगा सोळा वर्षांचाही नव्हता. शिरीष हे झाडाचे नाव. त्याची फुले संस्कृत कवींनी नाजुकपणाची परिसीमा मानली, आणि झाड मात्र असे चिवट की इकडच्या उन्हातही तग धरते. त्या स्मारकापाशी उभे राहिले की मला दर वेळी हे आठवते.

पण सांगत होतो बागेचे. वडील गेल्यावर आई वाईचे घर सोडून आमच्याकडे राहायला आली. येताना तिने एक ट्रंक आणली आणि पत्र्याच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोगऱ्याची एक काडी. घरापुढे पंचवीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद अशी मोकळी जागा होती. आईने ती पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. मोगरा लागला. मग मला चेव चढला. रोपवाटिकेतून मी हिरवळीचे चौकोनी तुकडे आणले, गुलाब आणले, क्रोटन, नेचे, डेलिया, जे जे मासिकांच्या रंगीत पानांवर पाहिले होते ते सगळे आणले. त्या वर्षीच्या दिवाळीत आमची बाग पाहायला गल्लीतली माणसे येत. मी त्यांना झाडांची नावे सांगत असे, आणि ती सांगताना माझा आवाज वर्गात असतो त्याहून थोडा मोठा होत असे.

मे महिन्यात आम्ही बहिणीकडे पुण्याला गेलो. वीस दिवस. पाणी घालायला एका मुलाला पैसे देऊन ठेवले होते. तो मामाच्या लग्नाला गेला आणि लग्न संपल्यावरही तिथेच राहिला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्या वयात मीही तेच केले असते. परत आलो तेव्हा हिरवळीच्या जागी चटई होती, गुलाबांच्या छड्या उभ्या होत्या, नेच्यांचा चुरा वाऱ्याने कोपऱ्यात जमला होता. मोगऱ्याला खाली एक डोळा हिरवा राहिला होता, तेवढाच. आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिने रिकाम्या कुंड्या एकीत एक घालून भिंतीला लावून ठेवल्या आणि जेवताना म्हणाली, "अरे, यापुढे उन्हाळ्यात तुम्ही जात जा. मी इथेच थांबत जाईन."

हे वाक्य मला लागले. सत्तरी ओलांडलेल्या बाईने मुलीच्या घरी जाणे सोडायचे, ते झाडांपायी! बाग माणसासाठी, की माणूस बागेसाठी? आणि तिने वैशाखात, नळाला दिवसाआड पाणी येत असताना, बादल्या उचलायच्या? त्या रात्री मी ठरवले की घरी कोणी नसतानाही जगेल अशी बाग करायची, किंवा मग बागच करायची नाही.

निश्चय सोपा असतो. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. आमच्या कॉलेजातील वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले तर ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला सदाहरित झुडपे आणि भूआच्छादक वनस्पती हव्यात." मला एकदम बरे वाटले, दुखण्याचे नाव कळले की अर्धे बरे वाटते तसे. पण हे शब्द घेऊन बाजारात गेलो तर माळ्याला एकही कळेना. तो म्हणाला, "म्हणजे बारमाही हिरवं, आणि खाली पसरणारं?" अगदी तेच. शेतकऱ्याच्या बोलीत आच्छादन म्हणजे पाचट किंवा पालापाचोळा अंथरणे. झाडाने जमीन झाकणे ही कल्पना आपल्या भाषेत फारशी मुरलेली नाही. याचे कारणही उघड आहे. आपल्या अंगणाला झाकायचे नसते, सारवायचे असते.

पहिली गोष्ट शिकलो ती मातीविषयी. तापीकाठची काळी माती पिकांना सोन्यासारखी, पण झुडपाला ती दोनदा मारते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही आणि रोपे कुजतात. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला भेगा पडतात. माझी सबंध मूठ जाईल एवढ्या. भेग पडताना ती बारीक मुळे तोडत जाते आणि उरलेल्यांना उन्हाची झळ थेट पोहोचते. मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर रेंगाळतो. पाऊस सपाटीवर वर्षाकाठी पंचवीस-तीस इंच, तोही चार महिन्यांत. नवापूरकडे त्याहून बराच अधिक. म्हणजे जे झाड जुलैत बुडून मरत नाही आणि मेमध्ये होरपळून मरत नाही, ते आमचे. पुण्यामुंबईच्या पुस्तकांतल्या याद्या इथे निम्म्याहून अधिक बाद होतात.

उपाय शेजारच्या मावशींनी सांगितला. मावशी अहिराणी बोलतात, आणि माझी पदवी त्यांना फारशी मानवत नाही. खड्ड्यात निम्मा मुरूम आणि शेणखत घाल, आणि झाड जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर लाव, म्हणजे पावसाचे पाणी बुंध्याशी साचणार नाही, एवढे त्यांनी हातवारे करून समजावले. मी कोरफडीला झारीने पाणी घालीत असलेला पाहून त्या कुंपणापलीकडून ओरडल्या होत्या, "भाऊ, त्याले पानी दिधं ते मरी जाई!" तेव्हापासून मी त्यांना गुरू मानले.

दुसरी गोष्ट मी स्वतः केली आणि तिचा मला थोडा अभिमान आहे. पुढच्या मे महिन्यात, रोज सकाळी साडेसहाला, वही घेऊन मी गाव फिरलो. कोणी पाणी घालत नाही अशा जागी काय हिरवे आहे, एवढेच टिपायचे. रेल्वेची आवारे, बंद पडलेली घरे, शाळांची कुंपणे, स्मशानाची भिंत, आणि गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्यांच्या कडा. हिवाळ्यात या पथाऱ्यांवर लाल मिरचीचा गालिचा पसरलेला असतो आणि वाऱ्याची झुळूक आली की रस्त्यावरचा माणूस शिंकतो. मेमध्ये त्या ओसाड असतात. लोक मला पाहत. एकाने तर "सर, प्लॉट बघताय का?" म्हणून विचारले.

वहीत नावे जमली ती अशी काही नवलाची नव्हती. कण्हेर सगळीकडे होती, लाल, गुलाबी, पांढरी. जणू उन्हाशी तिचे काही देणेघेणेच नाही. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तीही. मेंदीचे कुंपण धुळीने राखाडी झालेले, पण फांदी मोडली तर आत हिरवी. बोगनवेल तर उन्हाळ्यातच उधळते. तिच्यात ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पाने असतात, खरे फूल आत पांढरे, इवलेसे. ही मूळची ब्राझीलची. बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव तिला मिळाले आणि आपण ते बोगन करून टाकले. कोरांटी काटेरी आणि अर्धी पाने गळालेली, पण जिवंत. आणि रुई. पडीक जमिनीवर, मुरमात, डांबराच्या कडेला, ती पांढुरकी जाड पाने घेऊन ठाम उभी होती. घरी येऊन म्हटले, रुई लावू. आई म्हणाली, "मारुतीच्या देवळापाशी लाव. दारात नको." तिथे शास्त्र चालत नाही.

या याद्यांत एक गंमत लक्षात आली. मेमध्ये जे हिरवे राहते ते पाण्यावाचून जगते म्हणून जसे राहते, तसेच शेळ्या त्याला तोंड लावीत नाहीत म्हणूनही राहते. कण्हेरीचा भाग न् भाग विषारी, बिट्टीचे बी त्याहून घातक, रुईचा चीक जहाल. आमच्या गल्लीत शेळ्या दुपारी मोकळ्या सुटतात आणि फाटक उघडे दिसले की बाग मिनिटात साफ होते. तेव्हा झुडूप निवडताना ऊन, पाणी, माती यांच्या जोडीला शेळी ही चौथी कसोटी मी मानतो. बागकामाच्या पुस्तकांत ती कुठे आढळली नाही. पण घरात लहान मूल असेल त्यांनी कण्हेर आणि बिट्टी लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे भाचे येतात, म्हणून बिट्टी मी बाद केली आणि कण्हेर फाटकाबाहेर एकच ठेवली, तीही आईला पूजेला फुले हवीत म्हणून.

विषारी नसून शेळी खात नाही असे काही आहे का? याचे उत्तर मिळाले ते तोरणमाळला.

माझा एक पावरा विद्यार्थी अक्राणी तालुक्यातला. बी.ए.ला मराठी घेतलेला, अबोल, पण निबंधात झाडांची वर्णने अशी करायचा की गुण देताना हात सैल सुटे. त्याला माझ्या वहीची हकीगत कळली. तो म्हणाला, "सर, गावात काय बघता? डोंगरात चला. तिथे तर कोणीच पाणी घालत नाही." मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही शहाद्याहून म्हसावद, राणीपूर अशा वाटेने निघालो. राणीपूरपर्यंत माळ तापलेला. मग घाट सुरू होतो. सातपायरी घाटाची वळणे चढू लागलो की हवा बदलते. पुस्तकात वाचले होते, पण कानाच्या पाळीला कळले तेव्हा खरे वाटले. वर सगळे जंगल हिरवे असेल अशी माझी समजूत. छे! साग निष्पर्ण, बिनपानांच्या काठ्यांचे रान. पळसाचा बहर सरलेला. मोहाला मात्र नवी तांबूस पालवी. आणि या करड्या रानात ओघळीच्या कडेने, दगडांच्या आडोशाला हिरवे ठिपके. विद्यार्थी एकेक दाखवू लागला. ही करवंदीची जाळी, ही निर्गुंडी, हा अडुळसा, ही धायटी. धायटीची लाल फुले संपत आलेली. ती आसवांना आंबवण ठरतात हे मला वैद्यकीच्या पुस्तकातून माहीत होते, झाड पाहिले नव्हते. मराठी शिकवणाऱ्यांचे हे असेच असते.

तोरणमाळचे पठार सुमारे साडेतीन हजार फूट उंचीवर आहे. यशवंत तलावाच्या काठी बसलो, सीताखाईचा कडा पाहिला, मच्छिंद्रनाथाची गुंफा पाहिली. या स्थळांची वर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत, मी पुन्हा लिहीत नाही. मला तिथे सगळ्यांत आवडले ते विद्यार्थ्याचे घर. पाड्यावर घरे एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येकाचे शेत आपल्या घराभोवती. कुडाच्या भिंती, स्वच्छ सारवलेले अंगण, आणि बाग म्हणावे असे काहीही नाही. आमचूरसाठी चिरलेल्या कैऱ्या वाळत घातलेल्या. त्याची आजी बाहेर आली. मी कशासाठी आलो ते त्याने पावरी बोलीत सांगितले तेव्हा ती हसू लागली आणि पुष्कळ वेळ हसत राहिली.

"काय म्हणते?" मी विचारले.

तो संकोचला. "म्हणते, डोंगरात इतकी करवंदं असताना हा माणूस घरी कशाला लावतो?"

मला उत्तर सुचेना. शेवटी म्हणालो, "सांग, घरी आई आहे. तिला डोंगर चढवत नाही."

त्याने सांगितले. आजीचे हसू थांबले. ती आत गेली, पळसाच्या पानाच्या द्रोणात पिकली करवंदे घेऊन आली आणि नातवाला काही सांगून परसाकडे पिटाळले. तो अडुळशाच्या हिरव्या काठ्यांची जुडी घेऊन आला. खोकल्यावर त्यांच्याकडे हेच औषध, आपल्याकडेही. डॉक्टर ज्या ब्रोमहेक्सीनच्या गोळ्या देतात, त्यांचे मूळही अडुळशातल्याच एका द्रव्यात आहे. आणि शेळी? शेळी अडुळशाच्या जवळून जाते आणि तोंड फिरवते. निर्गुंडीचेही तसेच. कडूपणा आणि उग्र वास, एवढ्यावर भागते. विषाची गरज नाही.

एक करवंदीचे रोप मुळासकट न्यावे असे माझ्या मनात आले होते. मी वाकलो तोच विद्यार्थी म्हणाला, "सर, उपटू नका. त्याचं मूळ खडकात गेलेलं आहे, तुमच्या काळीत जगायचं नाही. बी न्या. पण आठ दिवसांत पेरा, वाळलं की उगवत नाही." रानातले रोप उपटणे कायद्यातही बसत नाही, हे तो माझ्या तोंडावर बोलला नाही. द्रोणातली करवंदे खात आम्ही घाट उतरलो आणि बिया मी खिशात जमवल्या. शहाद्याला पोहोचेपर्यंत सदऱ्याच्या खिशाची जी अवस्था झाली होती तिच्याबद्दल पत्नी अजून बोलते.

उतरताना पायथ्याच्या वाळल्या गवतातून चाललो होतो, तेव्हा पायाखालून गुलाबासारखा वास आला. रोशा गवत, इकडे त्याला तिखाडी म्हणतात. एके काळी या भागात भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत. खानदेशच्या १८८० सालच्या गॅझेटियरात त्या धंद्याची हकीगत आहे. उन्हाळ्यात ते वाळते खरे, पण वाळूनही वास देते. त्याचे दोन ठोंब आता आमच्या पायरीशी आहेत.

झुडपांचे असे जमत आले. जमिनीचे मात्र काही केल्या जमेना. दोन झुडपांमधली काळी माती उघडी राहिली की भेगाळते, आणि पावसात तिच्यावर गाजरगवत माजते. हिरवळ पुन्हा लावायची नाही हे ठरलेलेच होते. रोपवाटिकेवाल्याने वेडेलिया दिली; पिवळी फुले, चकचकीत पाने, पसरते. पसरली! ऑगस्टमध्ये तिने कोरांटी झाकली, सप्टेंबरमध्ये ती गटारात उतरली, आणि मेमध्ये पाणी तुटताच जळून गेली. म्हणजे नको तेव्हा आगाऊ आणि हवे तेव्हा गैरहजर. जगातल्या अनेक देशांत ती उपद्रवी म्हणून नोंदलेली आहे, हे मला नंतर समजले. आपल्याकडे घाणेरीचे तेच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेसाठी आणलेले हे झुडूप आज सातपुड्याच्या उतारांवर गवताला आणि करवंदीला जागा ठेवीत नाही. ते बारमाही हिरवे असते, पाणी मागत नाही, शेळी खात नाही. माझ्या चारही कसोट्यांना उतरते. म्हणून पाचवी कसोटी घालावी लागली: कुंपणाबाहेर पळणारे नको.

उत्तर सापडले प्रकाशाला. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे हे गाव, याला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराचे दर्शन घ्यायला आईला घेऊन गेलो होतो. १९५४-५५ मध्ये इथल्या टेकाडाचे उत्खनन झाले आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उघडकीला आली; म्हणजे या काठावर माणसे निदान तीन हजार वर्षे पाणी भरीत आहेत. घाटाच्या खाली, माणसे आणि गुरे सतत तुडवतात त्या मातीवर एक बुटके, जमिनीला चिकटून चालणारे झाड दिसले. जांभळट पांढऱ्या फुलांची बटणे आणि त्यांवर मधमाश्या. आईने ओळखले नाही, मीही नाही. सहकाऱ्यांना दाखवले तर म्हणाले, ही रतोलिया, जलपिंपळीही म्हणतात. पेऱ्यापेऱ्याला मूळ धरते, पायाखाली मरत नाही, पाणी असेल तर हिरवी गच्च, नसेल तर तपकिरी होऊन पडून राहते आणि पहिल्या पावसाला उठते. एक रुमालभर आणली. दोन पावसाळ्यांत तिने वाटेच्या दोन्ही बाजू धरल्या. कोरड्या मुरमाच्या कोपऱ्यात ती जात नाही. तिथे सदाफुली आपण होऊन आली. तिच्याही औषधी गुणांवर मोठी व्याख्याने देता येतील, पण मादागास्करहून आलेल्या या बाईने आमच्या फरशीच्या फटीत संसार थाटला, याचेच मला अधिक कौतुक वाटते.

"बिनदेखभालीची बाग" असे म्हणतात ते मात्र खरे नव्हे. पहिली दोन वर्षे या झाडांना हिरवळीइतकेच जपावे लागले. प्रत्येक झुडपाशेजारी एक कच्चे मडके गळ्यापर्यंत पुरले. आठवड्यातून दोनदा भरायचे, वर थाळी झाकायची, पाणी पाझरत मुळाशी जाते. आळ्यांवर उसाचे पाचट वीतभर जाडीचे अंथरले. शहाद्याकडचे शेतकरी ते जाळतात. एकाने गाडीभर आनंदाने दिले आणि वर माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. करवंदीने तर अंत पाहिला. पहिल्या वर्षी चार बोटे, दुसऱ्या वर्षी वीतभर. तिसऱ्या वर्षी मडकी काढली आणि मग ती जी सुटली ती आता छातीइतकी आहे आणि शेळीच काय, मांजरही तिच्यातून येत नाही.

पुण्याचे पाहुणे म्हणतात, बाग जरा रानटी दिसते. दिसते. अडुळसा, निर्गुंडी, करवंद, मेंदी यांची कात्री लावलेली रांग कोणी केली तर मलाही ती आवडणार नाही. मधल्या भागात आईच्या आग्रहाने तगर आणि कुंती आहेत. देवाला पांढरे फूल हवे, आणि कुंतीचा वास रात्री खिडकीतून तिच्या खाटेपर्यंत जातो. ही दोन्ही अगदी कोरडी राहणारी नव्हेत, अर्ध्या सावलीत भिंतीच्या कडेला लावली आहेत. आणि मोगरा. मोगरा माझ्या एकाही कसोटीला उतरत नाही. उन्हाळ्यातच फुलतो आणि उन्हाळ्यातच पाणी मागतो. तो काढण्याविषयी मी कधी बोललो नाही.

यंदाच्या मे महिन्यात आईच्या डोळ्याचे ऑपरेशन करायचे ठरले, नाशिकला. दोन वर्षे ती आज-उद्या करीत होती आणि खरे कारण आम्हाला माहीत होते. मी म्हणालो, "कोणालाही पाणी घालायला सांगायचे नाही. एकदा पाहूच." ती काही बोलली नाही. निघताना मोगऱ्यापाशी थोडी थांबली.

सव्वीस दिवसांनी परत आलो. बस साक्रीपाशी बिघडली होती. घरी पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा, वाकायची डॉक्टरांची मनाई. फाटक उघडताच तिने घरात जायच्या आधी बॅटरी मागितली. मी उजेड धरला आणि ती एकेका झाडाला हात लावीत निघाली. करवंद हिरवी. अडुळसा कोमेजलेला, पण पाने अंगावर. निर्गुंडीची खालची पाने गळालेली. एक कुंती गेली होती; आईने तिची काटकी मोडून पाहिली, ती कटकन मोडली. तगरीची अर्धी पाने पिवळी. रतोलिया तपकिरी, मोरीच्या पाण्याजवळ तेवढी ओली आणि हिरवी.

मोगऱ्याशी आलो तर त्याची माती ओली होती आणि त्याला अकरा फुले होती. आईने बोटाने मोजली.

कुंपणापलीकडून मावशींचा आवाज आला. "मोगराले तेवढं पानी घालं मी, माय. रोज एक तांब्या. बाकीनास्नी काही मांगं नही."

आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "अरे, आजचा तांब्या घातला का विचार त्यांना."

घातला नव्हता. मी आतून तांब्या भरून आणला. तिला वाकायचे नव्हते, म्हणून मीच ओतू लागलो, आणि ती बॅटरी धरून सांगत राहिली, "बुंध्याशी नको. जरा लांबून. गोल फिरव."